सालोमालोची एपीके

प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या सिनेमात सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा. त्याची पद्धत फार सोपी. अभंग जसाच्या तसा ठेवायचा, शेवटी येणारं 'तुका म्हणे' काढायचं आणि तिथे आपलं नाव बसवायचं. बाकी एका अक्षरालाही हात लावायची गरज नाही.

आता टेलिग्रामवरून उतरवलेली एखादी 'मॉड एपीके' घ्या. 'प्रीमियम अनलॉक्ड', 'अनलिमिटेड कॉइन्स' वगैरे लिहिलेली. एपीके म्हणजे आतून साधी झिप फाइल. गेम बनवणारा तिच्यावर आपल्या खासगी कीने डिजिटल सही करतो. आतली एखादी फाइल बदलली की ती सही तुटते आणि अँड्रॉइड ती एपीके इन्स्टॉल करून घेत नाही. म्हणून मॉड करणारा फाइल सोडवतो, पैसे भरलेत की नाही हे तपासणारा भाग उडवतो, अनेकदा मूळ डेव्हलपरचा जाहिरातींचा आयडी काढून तिथे स्वतःचा घालतो, सगळं पुन्हा बांधतो आणि शेवटी स्वतःच्या कीने सही करतो. तुम्ही फुकट गेम खेळता आणि मध्येमध्ये दिसणाऱ्या जाहिरातीचे पैसे त्याला जातात. माझा धंदा सॉफ्टवेअरचा असल्यामुळे या कामाची मला थोडी तांत्रिक दादही द्यावीशी वाटते. पण काम सालोमालोचंच आहे.

गाण्यांचंही तेच. ज्यांनी मेमरी कार्डात गाणी भरून घेतली आहेत त्यांना आठवत असेल, गाणं लागलं की स्क्रीनवर गायकाच्या नावाच्या जागी एखाद्या डाऊनलोड साइटचं नाव यायचं. अल्बमच्या जागी तेच, कव्हरच्या चित्रावरही तेच. एमपी३ फाइलला आयडी३ नावाचं एक लेबल असतं. गायक, संगीतकार, वर्ष ही माहिती त्यात राहते. ती पुसून साइटवाले आपला पत्ता लिहायचे. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी शाळेत असताना शेकडो गाणी पाठ केली, आणि त्यातली अर्धी कुणी गायली हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

पायरसीवरची चर्चा नेहमी एकाच प्रश्नावर येऊन अडकते: नुकसान किती झालं? एक बाजू म्हणते, प्रत्येक चोरलेली कॉपी म्हणजे बुडालेली विक्री. दुसरी म्हणते, चोरणारे तसंही विकत घेणार नव्हते, उलट फुकट प्रसिद्धी झाली. दुसऱ्या बाजूचा आवडता दाखला 'सैराट'चा. २०१६ मध्ये त्याच्या चोरट्या कॉपी फिरल्या, तरी त्याने मराठी सिनेमाच्या कमाईचे तोवरचे विक्रम मोडलेच ना? मोडले. पण ज्याच्या मागे मोठा वितरक आहे, शेकडो पडदे आहेत, त्याच्या दाखल्यावरून खोलीत बसून बीट बनवणाऱ्या किंवा चार जणांत गेम करणाऱ्या माणसाचं काही ठरवता येत नाही. मला त्यामुळे वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. इतकी वर्षं कॉपी होत राहिल्यावर कोणत्या प्रकारचं गाणं टिकतं आणि कोणत्या प्रकारचा गेम टिकतो?

मी राहतो अंबरनाथला, मोरिवलीत. दोन-तीन किलोमीटरवर उल्हासनगर. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद या भागात लहानपणीच कानावर पडतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून सोडलेल्या माणसांनी हातात काही नसताना बाजार उभा केला, हा त्या विनोदामागचा इतिहास. नक्कल म्हणजे काहीतरी भयंकर, असं इथे वाढलेल्या माणसाला वाटत नाही. शिवलेली जीन्स कुणाच्या नावाची आहे यापेक्षा ती टिकते का, हे आम्ही बघतो. मोबाइलच्या दुकानांत 'गाणी भरून मिळतील' हा बोर्ड त्याच बाजाराचा पुढचा भाग होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि ते बोर्ड उतरले.

त्या मेमरी कार्डांतून सर्वांत जास्त काय फिरायचं? हिंदी सिनेमाची गाणी तर होतीच. पण त्यांच्या बरोबरीने आगरी-कोळी गाणी, भीमगीतं आणि डीजेचे रिमिक्स. यातलं बरंचसं संगीत आजच्या अर्थाने 'इंडिपेंडंट' होतं. मागे मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही, रेडिओवर वाजणं नाही. या संगीताला फुकट फिरण्याची सवय जुनी आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ सालच्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात हे सविस्तर आलं आहे. ज्या स्वस्त यंत्रावर चोरटी कॉपी निघत होती, त्याच यंत्रामुळे छोट्या कंपन्यांना लोकगीतं आणि भीमगीतं काढणं परवडायला लागलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत गेला तो कॅसेटवर. त्यामुळे 'कॉपी वाईट' असं सरसकट म्हणणारा माणूस या संगीताचा अर्धा इतिहास पुसून टाकतो.

मग हे कलाकार जगले कशावर? सुपारीवर. कार्यक्रमाचं आमंत्रण म्हणजे सुपारी, आणि तिची बिदागी. हळद, साखरपुडा, गणपती, चौदा एप्रिल. कॅसेट किंवा फाइल फुकट गेली तरी ती गावोगाव जाऊन कलाकाराची जाहिरात करायची आणि सुपारी घेऊन यायची. 'प्रसिद्धी मिळते' हे वाक्य इथे पोकळ नाही. पण त्याला एक अट आहे: गाण्याबरोबर नाव गेलं पाहिजे.

ती अट आपल्याकडच्या कवींनी फार आधी ओळखली होती. संतांनी शेवटच्या कडव्यात नाव गुंफलं. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीतं लिहिली, ती असंख्य गायकांनी गायली, आणि कितीतरी गीतांच्या शेवटी 'वामन' येतो. कुणी वहीत उतरवलं, कुणी ऐकून पाठ केलं, कुणी कॅसेटवर भरलं, तरी नाव गाण्याच्या आतच राहिलं. लेबल पुसता येतं. चालीत बसलेलं नाव पुसायला सालोमालोइतकी तरी मेहनत लागते.

रिमिक्स ऐकून नाक मुरडणाऱ्यांना हे पटणार नाही, पण डीजेचा टॅग ही त्याच परंपरेतली गोष्ट आहे. गाणं सुरू होताच भारदस्त आवाजात डीजेचं नाव, गावाचं नाव, मग दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. काही ट्रॅकमध्ये मोबाइल नंबरसुद्धा. माझ्या पुण्याच्या मित्रांना तो गावंढळपणा वाटतो. मला ती नाममुद्रा वाटते. फाइल चोरली जाणार हे धरूनच ती बनवलेली आहे, आणि चोरणारा तिला जितकं लांब नेईल तितका डीजेचा फायदा.

फक्त याची किंमत गाण्याला मोजावी लागते. पहिल्या दहा सेकंदांत नाव ओरडून सांगायचं असेल तर गाण्याला हळूहळू उलगडता येत नाही. सुपारी आणायची असेल तर ते मैदानातल्या मोठ्या स्पीकरवर वाजलं पाहिजे. म्हणजे ढोलाचा ठेका पुढे, शब्द मागे. रीलमध्ये कापलं गेलं तरी ओळखू आलं पाहिजे. याच चौकटीत उत्तम कामही होतं. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या परदेशी लेबलवर आलं ते मराठी शब्द आणि क्लबचा ठेका घेऊनच. मला ते गाणं आवडतं. पण जो मुलगा गिटार घेऊन रात्रीच्या शेवटच्या लोकलबद्दल सात मिनिटांचं संथ गाणं करतो, त्याला हळदीची सुपारी कोण देणार? त्याच्या गाण्याची कॉपी झाली तर तिच्या मागून काहीच परत येत नाही.

त्याने मग स्ट्रीमिंगवर जावं, असं आपण सहज म्हणतो. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. २०२४ पासून त्यांचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. या गाण्यांवर निघणारी रक्कम किरकोळ असते आणि ती कलाकारापर्यंत पोचतही नाही, असं त्यांचं म्हणणं. हिशोब म्हणून ते खरं असेल. तरी नवशिक्याचा अर्थ त्याला कळतोच: कायदेशीर दारातही त्याच्या गाण्याची किंमत शून्य आहे. मग कुणी त्याचं गाणं यूट्यूबवरून एमपी३ करून घेतलं तर त्याने नेमकं कशाबद्दल रडायचं?

यूट्यूबवर तर सालोमालो कधीकधी फिर्यादी बनून येतो. कंटेंट आयडी ही तिथली गाणी ओळखणारी यंत्रणा. तिच्यावर थेट नोंदणी मोठ्या मालकांनाच मिळते, छोट्यांना वितरकामार्फत जावं लागतं. सगळ्यांना वापरायला खुला असलेला एकच लूप दोघांनी घेतला आणि एकाने आधी नोंदणी केली, तर दुसऱ्याच्या गाण्यावर दावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाला स्वतःच्या बीटवर असा दावा आला. ती बीट त्याने घरी, पंख्याच्या आवाजात केली होती. दावा सोडवायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात गाण्याची हवा निघून गेली.

आता गेमकडे येऊ, कारण तिथे सुपारीच नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा आपल्याकडच्या स्वतंत्र गेमचा सर्वांत ठळक दाखला. २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. संस्थापकांपैकी एकाने आपला फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि इतर कन्सोलवर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी नामांकनही झालं. डोंबाऱ्यांच्या खेळांत वाढलेली राजी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडतात, भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबून कथा ऐकता येते. मारामारी मधूनमधून अडखळते. शेवट तर इतका अचानक येतो की पान फाटलंय की काय असं वाटतं. पण किल्ल्याच्या भिंतीवरून धावताना कॅमेरा मागे सरकतो आणि खालचं सगळं दिसतं, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की ही जागा मला माहीत आहे, ही कुणी परदेशी माणसाने बाहेरून बघून रेखाटलेली नाही.

हा गेम चार-पाच तासांत संपतो. एका रविवारात. असा गेम चोरला की तो पूर्णच चोरला जातो. ऑनलाइन सर्व्हर नाही, पुढच्या सीझनचं आमिष नाही. बनवणाऱ्यांना 'या, समोर खेळून दाखवतो' असं म्हणून मैदानात तिकीट लावता येत नाही. गायकाची फाइल ही जाहिरात असू शकते. गेमच्या बाबतीत फाइल हेच सगळं काम आहे. दोघांनाही आपण 'पायरसीग्रस्त कलाकार' या एकाच शब्दात बसवतो, पण दोघांची गत एक नाही.

आकड्यांचा एक दाखला आहे. 'मॉन्युमेंट व्हॅली' हा सुंदर, छोटा, एकदाच पैसे भरून घ्यायचा गेम. त्याच्या निर्मात्यांनी जानेवारी २०१५ मध्ये सांगितलं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी फक्त ५ टक्के पैसे भरून झाले होते, आयफोनवर ४० टक्के. बाकीचे सगळेच चोर नव्हते, एकाच माणसाच्या दोन-तीन उपकरणांवर गेम जातो, हेही त्यांनीच स्पष्ट केलं. तरी अँड्रॉइडवर एकदाच विकायचा गेम करू पाहणाऱ्या कुणालाही हा आकडा वाचून पुढचा निर्णय घ्यावासा वाटेल. आणि तो निर्णय काय असतो हे आपल्या फोनवर दिसतंच: गेम फुकट, आत नाणी, दर दोन मिनिटांनी जाहिरात, सात दिवस सलग आलात तर बक्षीस. अशा गेमची कॉपी करून फारसं काही हाती लागत नाही, कारण विकायचा माल फाइलमध्ये नसतोच, तो सर्व्हरवर आणि तुमच्या सवयीत असतो. फुकटच्या या साच्यामागे पायरसी हे एकमेव कारण नाही. पण शांत, आटोपशीर, संपणारे गेम फोनवरून हद्दपार होण्यात तिचा हात मोठा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रीनहार्ट गेम्सने यावर २०१३ मध्ये एक गंमत केली. त्यांच्या 'गेम डेव्ह टायकून'मध्ये तुम्ही गेमची कंपनी चालवता. त्यांनी स्वतःच एक फुकट कॉपी टोरेंटवर टाकली, एक बदल करून: त्या कॉपीत काही काळाने तुमच्या कंपनीचे गेम लोक चोरू लागतात आणि कंपनी बुडते. पहिल्या दिवशी ३,३१८ जणांनी गेम खेळला, त्यातले ३,१०४ जण चोरट्या कॉपीवर. काही जण तर 'लोक माझे गेम चोरतात, मी काय करू' असं विचारत मदत मागायला आले. यावर इंटरनेट पोट धरून हसलं. मलाही हसू येतं. पण गेम म्हणून पाहिलं तर ही थोडी आळशी नीतिकथा आहे. चोराला चोरी अनुभवायला लावली की झालं, असं तिला वाटतं. गेमची किंमत होती आठ डॉलर. त्या वर्षी स्टीमवर रुपयांत पैसे भरायची सोय नव्हती, ती नोव्हेंबर २०१५ मध्ये आली. इथल्या कॉलेजच्या मुलाकडे परदेशी व्यवहाराला चालणारं कार्ड कुठून असणार? त्या ३,१०४ जणांत कुणाकडे पैसे नव्हते, कुणाकडे भरायचा मार्ग नव्हता आणि कोण नुसता फुकट्या होता, हे ती कंपनी बुडवणारी युक्ती वेगळं करत नाही. अर्थात हेही खरं की आता यूपीआय आहे, सेलमध्ये बरे गेम एका थिएटरच्या तिकिटाएवढ्या पैशांत मिळतात, आणि 'मार्गच नाही' ही सबब २०१३ मध्ये जितकी खरी होती तितकी आज राहिलेली नाही.

मला जास्त आवडते ती पोलंडच्या अ‍ॅसिड विझार्ड स्टुडिओची चाल. २०१७ मध्ये त्यांनी आपला 'डार्कवुड' हा गेम स्वतःच पायरेट बेवर चढवला, काहीही न बिघडवता. म्हणणं एवढंच: पैसे नसतील तर इथून घ्या, पण की विकणाऱ्या दलाल साइटवरून घेऊ नका, आणि आवडला तर पुढे कधी विकत घ्या. ही कॉपी फुकट होती, पण तिच्यावर नाव होतं आणि परत यायचा रस्ता होता. वामनदादांच्या वहीत उतरवलेल्या गाण्यासारखी.

कायद्याला हा फरक दिसत नाही. महाराष्ट्राच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्यात, म्हणजे झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करायच्या कायद्यात, २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरट'ची भर पडली. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत सिनेमा चोरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आला. दोन्हीकडे धाक सिनेमासाठी. एकट्या संगीतकाराच्या किंवा गेमवाल्याच्या हातात उरतो तो सर्वसाधारण कॉपीराइट कायदा आणि २०१३ च्या नियमांतली तक्रारीची सोय. तक्रार केली की साइटने ३६ तासांत लिंक बंद करायची. पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा चालू करायला मोकळीक. आता हिशोब करा. दोनशे रुपयांचा गेम, बारा टेलिग्राम चॅनल आणि २१ दिवस. वकिलाची एका तारखेची फी किती कॉपी विकून निघेल?

उलट याच कायद्याच्या ६३ब कलमात चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आहे. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायाधीश कैद टाळू शकतो. हे कलम वाचून आमच्या पट्ट्यातल्या किती डीजेंना घाम फुटेल याची कल्पना करा, कारण क्रॅक केलेल्या एफएल स्टुडिओवर पहिलं गाणं न केलेला मुलगा शोधून सापडणं कठीण. त्यातला एखादा प्लगइन कुठल्याशा देशात एकट्या माणसाने, नोकरी सांभाळून, रात्री लिहिलेला असतो. त्यालाही सुपारी मिळत नाही. रिमिक्समध्ये डीजेचं नाव सहा वेळा येतं, प्लगइनवाल्याचं कुठेच येत नाही.

कॉलेजपासूनचा माझा एक मित्र बदलापूरला असतो. नोकरी करत त्याने अडीच वर्षं एक गेम लिहिला. बारवी धरणाकाठच्या एका गावाचा, पावसाचा, जवळपास संवाद नसलेला. शंभर रुपये किंमत ठेवायचं ठरलं होतं. त्याची मोफत चाचणी आवृत्ती त्याने काही लोकांना दिली, आणि आठवडाभरात ती एका चॅनलवर दुसऱ्या आयकॉनसह, दुसऱ्या नावाने दिसली. आत जाहिराती होत्या. त्याने दोन तक्रारी पाठवल्या, मग सोडून दिलं. सध्या तो लुडोसारखं काहीतरी करतो आहे. परवा लोकलमध्ये त्याने मला दाखवलं, चांगलं पळतं. दर डावानंतर एक जाहिरात आहे, आणि तिचा आयडी सर्व्हरवरून येतो, एपीकेत नाही.